मुलगी घेतली, कुत्री दिली नाही

विहीणबाई, तुमची पाखरी उपाशी आहे असं मला वाटलं, म्हणून मी तिला खाऊ घालून घालून तिची म्हैस केली.

चूक माझी. पूर्ण शुद्धीत केली, सकाळ-संध्याकाळ केली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून फाटकातच पाट मांडून केली. रूपालीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं होतं. दुसऱ्याला रीतीप्रमाणं तुमची पाळी. माझी मुलगी आणि तुमचा संतोष राहतात सेलमला, तिथं त्याचं सोनं गाळायचं दुकान. म्हणून तुम्ही विट्याच्या पुढचा तुमचा माळ सोडून जन्मात पहिल्यांदा एवढ्या लांब निघालात आणि जाताना तुमची कारवानी जातीची कुत्री, ही पाखरी, आमच्या माधवनगरच्या घरी बांधून गेलात. "महिन्याभराचं काम हाय. तुमी कायबी करू नका," एवढंच म्हणालात. मी ते ऐकलं असतं तर आज हे लिहायला माझ्याजवळ काही उरलंच नसतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुमच्या दहाव्याला सगळे बोललेच. "मावशी लय मायाळू," "कवा कुणाला टाकून बोलल्या न्हाईत." ते ऐकून मी मान वळवून बघितलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला तर बसलो नाही ना. मायाळू होता, कबूल. पण टाकून बोलला नाहीत? मला? तुमचे शब्द माझ्या अंगाला अजून गोचिडीसारखे चिकटून आहेत. आणि ते मी उपटून काढणार नाही, आता नवीन कुठून मिळायचे.

तर ती चूक. मी मूळचा कृष्णाकाठचा, कराडच्या खालच्या अंगाचा. आमच्याकडं ऊस, पाणी आणि म्हशी. जनावराची बरगडी दिसली की गावात मालकाची लाज निघते. त्यात आमच्या घरी आधी ब्रुनो होता, लॅब्राडोर. गोड कुत्रा. चोर आला असता तर त्याला कपाट कुठं आहे ते दाखवून वर चप्पल आणून दिली असती. पोळी, केळी, सुमनच्या उपवासाची खिचडी, एकदा माझ्या वर्कशॉपमधलं ग्रीसचं फडकं, काहीही चाललं त्याला. कुत्रा म्हणजे पुढं तोंड, मागं शेपूट आणि मध्ये पोट, एवढीच माझी समज.

आणि त्या समजुतीच्या दारात तुमची पाखरी. वाळल्या गवताचा रंग, लांबोडं तोंड, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, कंबर मुठीत मावेल एवढी. शेपूट म्हणून हलवायची नाही. हाक मारली तर कान पण वळवायची नाही. माझ्या पलीकडं, लांब कुपवाडच्या दिशेला नजर लावून बसायची, जसा काही मी मध्ये आलेला विजेचा खांब. आमची सुमन म्हणाली, "रूपालीच्या सासूवर गेलीय." हे तुम्हाला तेव्हा सांगायची माझी छाती नव्हती. आता सांगतो.

मला वाटलं, उपासानं तिचं मन मेलंय. मग सुरू केलं. तूप-भात. साय-पोळी. म्हशीचं दूध. शेजारच्या मुंजीचे बुंदीचे लाडू. पाखरीनं आधी दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी एक लाडू चाटला, आणि त्यानंतर जे झालं त्याला आमच्याकडं संगत लागणं म्हणतात.

तुम्ही परत आलात तो दिवस. तुम्ही फाटकात उकिडव्या बसून हात पुढं केलात, ती वाऱ्यासारखी येईल म्हणून. ती आली. वाऱ्यासारखी नाही, वरातीसारखी आली.

तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "पावणं, ही कोण?"

"पाखरी," मी म्हणालो.

"आन् हिच्या पोटात काय हाय?"

"लाडू," सुमन आतून म्हणाली. बायका अशा वेळी बरोबर हजर असतात.

तुम्ही तिच्या अंगावरून बोटं फिरवलीत. डॉक्टर नाडी बघतो तशी तुम्ही बरगड्या शोधत होता. "शेवटच्या तीन बरगड्या लांबनं दिसल्या पायजेत. पाठीचा कणा हाताला लागला पायजे. आवं, ती उपाशी न्हवती, ती तासल्याली हुती. तुमी कुपवाडात लेथवर लोखंड तासता न्हवं? मग तासल्यालं वळखाय येत न्हाई तुमास्नी?"

मी म्हणालो, "जरा अंगानं भरली, एवढंच."

"शाफ्टाला तूप पाजता का तुमी, अंगानं भरावा म्हणून?"

विहीणबाई, वर्कशॉप चालवून माझे केस पिकले, पण लेथवर इतकं अचूक कुणी मला बोललं नव्हतं. मी खाली बघितलं. खाली पाखरी बसली होती, आणि बसल्यावर तिच्या मांडीला वळ्या पडत होत्या.

तुम्ही तिला नेलं नाहीत. "असली घिऊन गावात कशी जाऊ? मला तोंड दावायचं हाय. तुमी चढवलंय, तुमीच उतरवा." आणि तुम्ही विट्याच्या गाडीत बसून निघूनही गेलात. पण जाण्याआधी जे सांगितलंत ते मला आजही पाठ आहे. खाणं एकदाच, संध्याकाळी. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी ताकात कुस्करून, कधीमधी अंडं. पोट भरल्यावर पळवायचं नाही, आतडं पिळतं. अंगावर चरबी नाही म्हणून थंडीत पोतं पांघरायचं, आणि निजायला मऊ घालायचं, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. मारायचं नाही. ओरडायचं सुद्धा नाही. "लॅब्राडोर मार इसरतो. कारवानी इसरत न्हाई. तिला एकदा हात उगारला की ती तुमच्या घरात ऱ्हाती, पर तुमची ऱ्हात न्हाई."

आणि रोज पळवायचं. हे सोपं सांगितलंत. माझं पोट तुम्ही बघितलं होतंत.

मी पळणं शक्य नव्हतं, म्हणून माळ्यावरची जुनी सायकल काढली. स्कूटर यायच्या आधी मी तिच्यावरून कुपवाडला कामाला जायचो. तिची घंटी माझीच करणी: बाजारातली घंटी पिचकी वाजते म्हणून पितळेची जाड वाटी लेथवर कोरून बसवलेली. देवळातल्या घंटेची लहान बहीण. रोज पहाटे, रस्ता मोकळा असताना, मी सायकलवर आणि पाखरी डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ.

पहिल्याच दिवशी दोरी हँडलला बांधली. ही दुसरी चूक. कारवानी वासावर चालत नाही, नजरेवर चालते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा तुम्ही सांगितलं होतंत आणि मी तेव्हा लाडू झाकून ठेवत होतो. लांब एका शेतात प्लॅस्टिकची पिशवी उडाली. पाखरीनं ती बघितली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. ज्वारीचं रान आठवतं, चिखल आठवतो, आणि बांधावर दात घासत बसलेला एक म्हातारा आठवतो. त्यानं ब्रश बाहेर काढून शांतपणे विचारलं, "सायकल पयली आली का कुत्री?"

दुसऱ्या दिवसापासून दोरी सोडली. मग नवी भानगड. काही दिसलं की ती सुटायची, आणि सुटली की हाक नाही, शिट्टी नाही, देव नाही. मी मागून घंटी बडवत जायचो, का तर लोकांनी बाजूला व्हावं. तिच्यासाठी नव्हेच ते. असं कितीतरी दिवस चाललं. आणि एका सकाळी ती एका मांजरामागं पार कालव्यापर्यंत गेली, मी दमून सायकल थांबवली, रागानं एकदाच घंटी हाणली, आणि पाखरीनं मान वळवली. नुसती वळवली नाही, परत आली. डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही. पण उभी राहिली.

त्या आनंदात मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "घंटीला आली?"

"घंटीला."

"कारवानी हाय का दूधवाल्याची म्हस? कुत्र्यानं माणसाच्या गळ्याला यायचं असतं, पावणं. घंटीला शाळंतली पोरं येत्यात."

हा आपला पहिला वाद. तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत, मीही नाही. मी म्हणायचो, कशाला का येईना, आली ना. तुम्ही म्हणायचा, कशाला आली हीच तर गोष्ट हाय.

पाखरी मात्र उतरली. शेवटच्या तीन बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा मी तिला तुमच्या माळावर घेऊन आलो, छाती काढून. तुम्ही कण्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "हां." मग माझ्याकडं बघितलंत. "कुत्री उतरली. तुमी काय तिच्या वाटणीचं खाल्लं का?"

त्याच दिवशी मी तोंड उघडलं. पाखरीचं पुढं पिल्लू होईल ते मला द्या म्हणालो. तुमचे दीर, तात्या, मेंढरं सोडायला निघाले होते. ते थांबले आणि पटका सारखा करत हसायला लागले. तेव्हा मला तुमची रीत कळली. तुमच्यात कुत्र्याचं पिल्लू विकत नाहीत. देतात, लेकीसारखं. गळ्यात हळदीचा दोरा, संगं ओटीभर बाजरी, आणि वर्षाच्या आत देणाऱ्यानं त्या घरी जाऊन बघून यायचं, नीट ठेवलंय का. नीट नसलं तर उचलून परत.

"मुलगी आमी तुमची घेतली," तुम्ही म्हणालात. "चांगली हाय, कामाची हाय, माझी तक्रार न्हाई. पर कुत्री तुमच्यात द्यायची न्हाई."

"का?"

"मुलगी काय कमी-जास्त झालं तर बोलून तरी दावती."

 मी घरी आलो, सुमनला सांगितलं, आणि ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." त्या दिवसापासून मला दुसरं काही नको झालं. जगात लोकांना बंगला हवा असतो, परदेश हवा असतो. मला तुमच्या तोंडून एवढंच हवं होतं की माझं घर कारवानी ठेवायच्या लायकीचं आहे.

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर वाचलं आणि रविवारी येऊन तुम्हाला सांगू लागलो, की ही कुत्री व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर लांबून, डोंगर आणि वाळवंटं ओलांडून आली म्हणतात, म्हणून कारवानी. मुधोळच्या राजांनी नावारूपाला आणली म्हणून तिकडं मुधोळ. अंगावर झुपकेदार केस असले तर पश्मी. आता लष्करातसुद्धा घेऊन बघितलीत. तुम्ही बाजरी निवडत ऐकत होता. शेवटी म्हणालात, "कोण कुठनं आलं ह्याची चवकशी लग्नात करायची. कुत्र्याची चाल बघायची." तात्या म्हणाले, "वहिनी, पावण्यास्नी बोलू द्या, लांबनं आल्यात." तुम्ही म्हणालात, "कुत्रीबी लांबनंच आली म्हनं. ती गप असती."

दुसरा वाद सुईचा. पाखरी माझ्याकडं होती तेव्हा मी तिला गुपचूप गॅस्ट्रोची लस टोचून आणली होती. ते कळल्यावर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. "आमच्या जनावराला कवा सुई लागली न्हाई." पुढं त्याच पावसाळ्यात तुमच्या वस्तीवर कुत्र्यांत ती साथ आली. तात्यांची दोन पिल्लं रक्त ओकून गेली. पाखरी त्यांच्यातच वावरत होती, तिला काही झालं नाही. मी वाट बघत होतो, आता विहीणबाई म्हणतील, पावणं, तुमचं बरोबर हुतं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात कुणातरी येणाऱ्याच्या हाती आमच्या घरी एक घोंगडीचा तुकडा आला, चारी बाजूंनी दोरा भरलेला. निरोप नाही. सुमन म्हणाली, "हे पाय पुसायला का?" मी म्हणालो, "नाही. हे कुत्र्याला निजायला असतं." आमच्या घरात तेव्हा कुत्रं नव्हतं. मी तो तुकडा घडी घालून ठेवला. त्याबद्दल मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ही एकच गोष्ट आपल्यात न भांडता झाली.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं, आणि दवाखान्यासाठी तुम्हाला सांगलीत राहावं लागलं. तुम्ही आमच्याकडं यायला तयार नव्हता. "सुनंच्या म्हायारी ऱ्हाती व्हय कोण विहीण? लोक त्वांडात श्याण घालतील." सुमननं फोन हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही येऊ नका. पाखरीला पाठवा. तिच्या सोबतीला कुणीतरी लागेल, म्हणून मग तुम्ही या." तुम्ही आलात.

ते दिवस मी विसरणार नाही. रूपाली मुलांना घेऊन महिनाभर आली होती, घर भरलेलं होतं, आणि मी पुन्हा पहाटे सायकल काढत होतो. तुम्ही शाल पांघरून फाटकापाशी खुर्चीत बसायचा. आम्ही परत आलो की विचारायचा, "किती येळा पडला?" बहुतेक वेळा उत्तर द्यावं लागायचं. तुमच्या हातातला घास कमी होत गेला. एकदा सुमननं तुम्हाला आग्रहानं भात वाढला, तूप घातलं. तुम्ही ताटाकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "मलाबी म्हस करायचा इचार हाय का पावण्यांचा?" आम्ही सगळे हसलो. तुम्ही पण हसलात. मग तो भात तुम्ही दोन घास खाल्लात, माझ्या मनासाठी, हे मला कळलं. तुमच्या मनगटाची हाडं दिसत होती, आणि ह्या वेळी ती तासलेली नव्हती. खाऊ घालून एखादं माणूस भरून आलं असतं तर, विहीणबाई, माझ्या हातून तुम्ही वाचला असता. त्या एका कामात मी कुणाला ऐकलो नसतो.

तुम्ही माळावर परत जायचं ठरवलंत तेव्हा डॉक्टरांनीही अडवलं नाही. शेवटचं भेटलो ते तिथंच, तुमच्या अंगणात. तात्या होते, आम्ही दोघं होतो, पाखरी तुमच्या खाटेखाली. तात्यांनी सरळ विषय काढला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "वहिनी, घरातली कुत्री घरात ऱ्हाऊ द्या. ती माझ्या हातावर वाढलीया."   तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "पाखरी कुणाची ते तिलाच ठरवू द्या. जत्रंत कुत्र्यांची शर्यत आस्ती, त्या पळीत दोघंबी तिकडच्या टोकाला हुबं ऱ्हावा. ज्याच्याकडं यील त्याची." मग एक डोळा उघडून माझ्याकडं, "तुमच्याकडं न्हाई आली, तर गुमान लाडू खाऊन घरी जावा."

हे तुमचे मला शेवटचे शब्द. लोकांना शेवटचे शब्द म्हणून गीता मिळते.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी पाखरीनं नेहमीसारखी ताकातली भाकरी खाल्ली. मला तिचा राग आला. वाटलं, हिला काहीच नाही का? तात्या म्हणाले, "कारवानी रडत न्हाई. तिला काम द्या, मग बगा." तिला तात्यांनी नेलं. मी रिकाम्या हातानं माधवनगरला आलो आणि दुसऱ्या दिवसापासून हाकेचा सराव सुरू केला.

तुमची हाक मला माहीत होती: नाव लांबवत न्यायचं आणि शेवटी जीभ टाळूला आपटायची. घरात सुमन ओरडू देईना, म्हणून वर्कशॉपमध्ये, लेथच्या आवाजात. "पाखरेऽऽ." आमचा जुना टर्नर मशीन बंद करून आला. "मालक, बरं वाटत न्हाई का?" मी म्हणालो, कुत्रीला हाक मारतोय. त्यानं वर्कशॉपभर बघितलं, कुत्री नव्हती, आणि त्यानं हळूच माझ्यासाठी चहा सांगितला.

मागच्या आठवड्यात तुमच्या गावची जत्रा झाली. कुणीतरी म्हणालं, घरात अजून दुखवटा आहे, कुत्री कशी पळवता? तात्या म्हणाले, "सण माणसानं करायचा न्हाई. कुत्रीला कशाचं सुतक." तुमच्याकडची पळ साधी: पुढं पळायला ससा नाही, मोटारसायकल नाही. ह्या टोकाला कुत्री धरून माणसं, त्या टोकाला मालक. रुमाल पडला की सोडायचं आणि मालकानं हाक मारायची. जतची कुत्री आली होती, कवठ्याची आली होती, सीमेपलीकडची दोन आली होती, नुसत्या स्नायूंची. पंचांनी हरकत घेतली, एका कुत्रीला दोन मालक कसे? तात्या म्हणाले, "वहिनीचा सबूद हाय." पंचांनी दोघांचीही नावं लिहून घेतली. तुम्ही गेल्यावरही तुमच्या शब्दाला उलटून बोलायची कुणाची हिंमत होईना.

मी टेंपोतून सायकल नेली होती, पळीआधी पाखरीचं अंग मोकळं करावं म्हणून. तात्यांनी हात लावू दिला नाही. "पळीआधी तिच्याजवळ यायचं न्हाई, दोघांनीबी." रास्त होतं. मग ती सायकल मी त्या टोकाला नेली आणि तिला धरून उभा राहिलो.  तात्या माझ्यापासून वीसेक पावलांवर, हातात तुमची जुनी शाल घेऊन. ते बघितलं आणि मी मनातल्या मनात हरलो. शाल. हे मला का सुचलं नाही? मला लाडू सुचले होते.

रुमाल पडला.

विहीणबाई, तुम्ही तिला पळताना शेकडो वेळा बघितलंत, पण मी तिला समोरून येताना कधी बघितलं नव्हतं. मी नेहमी सायकलवर, ती बाजूला. समोरून ती कुत्री दिसत नाही. जमिनीवरून एक रेघ सरकत येते आणि मध्येमध्ये त्या रेघेचे चारी पाय हवेत असतात. सीमेपलीकडचं काळं कुत्रं पुढं होतं. पाखरी दुसरी. तात्यांनी हाक घातली, "ह्योऽऽ पाखरे," आणि शाल फडकवली. तिनं अंग त्यांच्याकडं झुकवलं. मी तोंड उघडलं. एवढे दिवस लेथवर घोटलेली हाक घशातून निघाली ती दाराची बिजागरी वाजावी तशी. शेजारच्या माणसानं माझ्याकडं वळून बघितलं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तर आवाजच नाही. मला तुम्ही दिसत होता, फाटकापाशी, खुर्चीत, विचारताना, किती येळा पडला.

हात सायकलला होता. अंगठ्याला घंटी लागली. मी हाणली.

पाखरीचे कान उभे राहिले. मी शपथेवर सांगतो, ती तोवर पळत नव्हती, नुसती येत होती. पळाली ती तिथून पुढं. काळं कुत्रं जागच्या जागी पळतंय असं वाटलं. तिनं शेवटची रेघ पहिली ओलांडली, पहिली, चांगली दोन कुत्र्यांची जागा सोडून पहिली, तात्यांच्या शालीसमोरून वळली, धुरळ्यातून थेट आली आणि डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ उभी राहिली. जीभ बाहेर, छाती भात्यासारखी, बरगड्या शेवटच्या तीन, मोजून घ्या. माझ्याकडं बघितलं नाही. कुपवाडच्या दिशेला बघत राहिली.

गुलाल उडाला, हलगी वाजली, कुणीतरी मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, वजनामुळं असावं. सुमननं मोबाइलवर सगळं टिपलं. त्यात बहुतेक वेळ तिचं बोट दिसतं, पण घंटी ऐकू येते. सेलमहून संतोष आणि रूपाली दोघं फोनवर रडत होते आणि हसत होते. मी खाली बसलो आणि पाखरीच्या कण्यावरून हात फिरवला, तुम्ही फिरवायचा तसा. तिनं फिरवू दिला.

माझ्या चुकीनं ती जाड झाली, जाड झाली म्हणून सायकल आली, सायकल आली म्हणून घंटी. लाडवांपासून निघालेली वाट तुमच्या जत्रेत पहिल्या नंबराला येऊन पोचली. ह्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. पण ते म्हणायला तुम्ही हव्या होतात.

तात्या आले. त्यांच्या हातात हळदीचा दोरा होता, सोबत पिशवीत ओटीभर बाजरी. म्हणजे त्यांनी दोन्हीची तयारी ठेवली होती. दोरा त्यांनी स्वतः बांधला, पाखरीच्या कानामागं क्षणभर कपाळ टेकवलं. मी म्हणालो, "तात्या, रीतीप्रमाणं वर्षाच्या आत देणाऱ्यानं बघायला यायचं असतं. विहीणबाई तर..."

"मी यीन त्यांच्या बदली," ते म्हणाले. "बरगड्या मोजून जाईन."

"या. घोंगडीचा तुकडा आहे घरात. विहीणबाईंनी कधीच पाठवून ठेवलाय."

 तात्यांनी सायकलकडं बघितलं, घंटीवर एकदा बोट आपटलं, पाखरीचे कान उभे राहिले ते बघितलं, आणि पटका सारखा करत म्हणाले, "पर पावणं, वहिनीची आन घिऊन खरं सांगू का? कुत्री सायकलीची झालीया. तुमास्नी न्हेतीया, ती ढकलाय कुणीतरी लागतंय म्हणून."